तिथी, ओहोटी आणि पेन्सिल

हे पुस्तक कोकण किनाऱ्याच्या एका लहानशा पट्ट्याचं आहे. उत्तरेला सावित्री नदी समुद्राला मिळते ती बाणकोटची खाडी, दक्षिणेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, आणि मध्ये वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर, कोळथरे अशी गावं. मंडणगड आणि दापोली या दोन तालुक्यांच्या किनाऱ्यावर जे पक्षी, खेकडे, मासे, कासवं आणि खडकाला चिकटून राहणारे जीव दिसले, त्यांची पेन्सिलीने आणि जलरंगाने काढलेली ही चित्रं आहेत. इथल्या सगळ्या जातींची यादी देणं हा या पुस्तकाचा हेतू नाही. ते काम अभ्यासकांनी केलेलं आहे आणि करत आहेत. पानं चाळताना वाचकाला एक गोष्ट खटकेल. प्रत्येक चित्राखाली जिवाच्या नावाच्या आधी तिथी लिहिली आहे, आणि तिथीच्या पुढे भरती किंवा ओहोटी किती झाली होती ते. हा हट्ट का धरला, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

डोंगरातलं किंवा रानातलं चित्र काढणाऱ्याला ऋतू आणि प्रहर सांभाळले की पुरतं. किनाऱ्यावर तेवढ्याने भागत नाही. इथे जमीनच दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. सकाळी सात वाजता जिथे चिखलावर पक्ष्यांची झुंबड पाहिली, तिथे आठवड्याने त्याच वेळी गेलं तर पुरुषभर पाणी असतं. कोळी आणि खारवी मंडळींना याचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण असतं तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत दूर मागेही जातं. अष्टमीच्या भांगाला ते ना धड चढत, ना धड उतरत.

या हिशेबात चित्रकाराची एक सोय आपोआप होऊन गेली आहे. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या सहाच्या आगेमागे. ज्या दिवशी किनारा सर्वांत जास्त उघडा पडतो, त्याच दिवशी त्यावर तिरपं ऊन असतं. ओल्या वाळूवर खेकड्याच्या पायांचे ठसे, चिखलावर पक्ष्यांच्या चोचींची भोकं, खडकातल्या डबक्याचा तळ हे सगळं त्या उजेडात उठून दिसतं. कालनिर्णयाच्या पानावर तिथी पाहून पिशवी भरायची सवय मला याच कारणाने लागली. या पुस्तकातली बरीचशी चित्रं पौर्णिमा-अमावास्येपासून द्वितीया-तृतीयेपर्यंतची आहेत. सप्तमी-अष्टमीची फार थोडी.

चित्रांची मांडणीही त्याच क्रमाने आहे. भरतीची रेषा जिथे वाळलेलं शेवाळ आणि काटक्या टाकून जाते तिथून सुरुवात होते आणि पाण्याबरोबर खाली उतरत जाते. वरच्या कोरड्या वाळूत फिकट, वाळूच्याच रंगाच्या खेकड्यांची बिळं आहेत. हे खेकडे डोळे दांड्यांवर उभे करून सगळीकडे पाहतात आणि माणसाची चाहूल लागताच आडवे धावत बिळात शिरतात. त्याखालच्या ओल्या वाळूत त्यांच्याहून कितीतरी लहान, वाटाण्याएवढा खेकडा राहतो. पाणी सरलं की तो बिळाबाहेर येतो, वाळूच्या कणांवरचं सूक्ष्म खाद्य तोंडाने वेगळं करतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून बाहेर जाणाऱ्या रेघांत तो काम करत राहतो, आणि संकट आलंच तर घरी पळायला एक वाट मोकळी ठेवतो. तास-दोन तासांत बिळाभोवती गोळ्यांची किरणं फुटल्यासारखी नक्षी तयार होते. पर्यटक तिचे फोटो काढतात. पण ती नक्षी म्हणून काढलेली नाही, जेवणाचा उष्टा-खरकटा पसारा आहे तो. गोळ्यांच्या रांगा किती लांबल्या, यावरून पाणी ओसरून किती वेळ झाला याचा अंदाज बांधता येतो. एकाच बिळाची तीन चित्रं या भागात शेजारी शेजारी दिली आहेत ती त्यासाठीच. चौथ्या चौकटीत नुसती सपाट वाळू आहे, कारण तोवर भरती येऊन गेली होती.

खाडीचा भाग सर्वांत मोठा आहे, कारण तिथे पाहण्यासारखं सर्वांत जास्त आहे. आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी, केळशीला भारजेच्या काठी आणि बाणकोटच्या खाडीत आत आत कांदळवनं आहेत. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात आणि हवा घेतात. कांदळाची मुळं खोडापासून कमानी करून खाली उतरतात, आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखं लोंबू लागतं. चिप्पीचं फूल रात्री उमलतं. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, पण खाडीकाठच्या शाळांतल्या मुलांनासुद्धा ते झाड ओळखता येत नाही. झाडांच्या पायाशी निवट्या असतात. निवटी हा मासा आहे हे खरं, पण ओहोटीच्या वेळी तो चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, दुसऱ्या नराला पाहून पाठीवरचा पर शिडासारखा उभारतो. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून तो श्वास घेतो, आणि डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मधूनमधून ते खोबणीत ओढून ओले करून घेतो. आपल्याकडे निवट्यांचं कालवण आवडीने खाल्लं जातं. ताटातली निवटी सगळ्यांच्या ओळखीची. चिखलावरची निवटी नीट पाहिलेले लोक फार थोडे. त्याच चिखलावर एक डेंगा अंगापेक्षा मोठा वाटावा असे नर खेकडे ओळीने उभे राहून तो डेंगा हलवत असतात. माद्यांना बोलावणं आणि इतर नरांना दटावणं, दोन्ही त्यातच येतं. या खेकड्याचं चित्र काढताना डेंग्याच्या आकाराइतकीच त्याच्या हलण्याची लय महत्त्वाची ठरते, म्हणून त्याचं एक मोठं चित्र देण्याऐवजी हालचालीची छोटी रेखाटनं दिली आहेत.

या चिखलावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांकडे पाहताना प्रथम चोच पाहावी. आखूड चोचीचे चिखल्ये चार पावलं धावतात, थबकतात, वरवरचं काहीतरी टिपतात आणि पुन्हा धावतात. मध्यम चोचीचे तुतवार चोच अर्ध्यापर्यंत खुपसतात. लांब बाकदार चोचीचा कर्ल्यू चिखलात खोलवर दडलेले किडे आणि खेकडे ओढून काढतो. एकाच चिखलावर इतके पक्षी एकमेकांचा घास न हिसकावता कसे जगतात, याचं बरंचसं उत्तर त्यांच्या चोचींच्या लांबीत आहे. म्हणून या भागातल्या पक्ष्यांबरोबर चिखलाचा उभा छेदही काढला आहे आणि चोच कुठवर पोचते ते दाखवलं आहे.

हर्णै आणि कोळथऱ्याच्या बाजूला खडक आहेत. तिथे उंची हेच काळाचं माप होतं. जो खडक दिवसातले फार थोडे तास पाण्याखाली असतो, त्यावर फक्त चिवट छोट्या गोगलगायी टिकतात. त्याखाली बार्नकलचे धारदार पांढरे थर, त्याखाली कालवं, आणि अगदी खाली, जिथून पाणी फक्त उधाणाच्या ओहोटीला उतरतं, तिथे शेवाळं, स्पंज आणि समुद्रफुलं. पाणी नसताना समुद्रफूल मिटलेलं, एखाद्या ओल्या गोळ्यासारखं दिसतं. या पुस्तकात ते तसंच मिटलेलं काढलं आहे, आणि शेजारी पाण्याखालचं उमललेलंही. राखी आणि पांढरे असे दोन रंगांचे समुद्रबगळे याच खडकांवर शिकार करतात. रंग वेगळे असले तरी जात एकच. हे एका चित्रात सांगता येत नाही, म्हणून ती जोडी समोरासमोरच्या पानांवर आहे.

तासांनंतर महिने. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं तपकिरी नसतं. ते पांढरं असतं आणि कानाशी फक्त एक गडद ठिपका असतो. मार्च-एप्रिलमध्ये, निघायची वेळ जवळ आली की डोक्यावर तपकिरी टोपी चढू लागते. लेसर सँड प्लोव्हर नावाचा छोटा पक्षी हिवाळाभर मातकट दिसतो, आणि निघण्यापूर्वी त्याच्या छातीवर विटकरी रंग भरतो. हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर त्याची वीण होते. आपल्या वाट्याला त्याचे साधे कपडेच येतात. जून-जुलैत हे पाहुणे पक्षी नसतात, पण किनारा रिकामा नसतो. पश्चिमेचा वारा खुल्या समुद्रातले तरंगते जीव वाळूवर आणून टाकतो. निळ्या फुग्याचे आणि लांब दोऱ्यांचे ब्लू बॉटल, नाण्याएवढे निळे पोर्पिटा, माकुळाच्या पाठीतला पांढरा समुद्रफेस. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि पावसात कागद सुकत नाही. या महिन्यांची चित्रं म्हणून बहुतेक पेन्सिलीतच आहेत.

महिन्यांनंतर वर्षं. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, ज्याला या भागात काकण म्हणतात, किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचं प्रचंड घरटं बांधतो आणि तेच घरटं दरवर्षी डागडुजी करून वापरतो. पिल्लू उडू लागतं तेव्हा ते तपकिरी असतं. डोकं आणि पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी असं रूप यायला चार-पाच वर्षं जातात. घरट्याखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे अवशेष सापडतात. हे झाड तोडलं तर केवळ एका वर्षाची वीण जात नाही, अनेक वर्षांचं घर जातं. काकणाची पानं या पुस्तकात सलग नाहीत, मुद्दाम विखुरली आहेत. वाचकाने ती एकामागून एक शोधली तर एकच पिल्लू मोठं होताना दिसेल.

आता कासव. वेळासचं नाव आज महाराष्ट्रभर ठाऊक आहे ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे गावकऱ्यांच्या सोबतीने घरट्यांचं रक्षण सुरू केलं, आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पूर्वी अंडी विकली जात. आता ती कुंपणाच्या आतल्या वाळूत पुन्हा पुरली जातात, आणि दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिल्लं समुद्राकडे सोडली जातात. वाळू किती तापली यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. जास्त ऊब मिळाली तर माद्या जास्त. 2022 च्या जानेवारीत इथल्या एका मादीला उपग्रह टॅग लावून 'प्रथमा' नावाने समुद्रात सोडलं गेलं. आणि 2025 च्या जानेवारीत खाडीपलीकडच्या गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर 2021 मध्ये ओडिशात लावलेली खुणेची पट्टी सापडली. बंगालच्या उपसागरातून निघून ती भारताच्या टोकाला वळसा घालून इथवर आली होती.

'स्थानिक वन्यजीव' असं आपण म्हणतो तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं. यातल्या कित्येकांचं इथे राहणं फार थोड्या काळाचं असतं. एक इथे अंडी घालून जातो, एक हिवाळा काढून जातो, एक वाऱ्याने ढकलला म्हणून येतो. स्थानिक आहे तो किनारा, आणि त्या किनाऱ्यावर टिकून राहणारा पाहणारा. जगभर फिरून निसर्गचित्रं काढणाऱ्यांचा मला आदरच आहे. पण कुरवाच्या डोक्यावर टोपी चढताना किंवा काकण पांढरा होताना पाहायचा असेल तर एका जागी राहण्यावाचून उपाय नाही. या पुस्तकाचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आपल्याकडे जिवांची चित्रं काढण्याची परंपरा मोठी आहे. फ्रान्सिस डे यांचा 'द फिशेस ऑफ इंडिया' 1875 ते 1878 या काळात निघाला. त्यातल्या शिळाछाप चित्रांची अचूकता आजही थक्क करते. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' 1941 मध्ये आलं आणि पक्षी चित्रावरून ओळखण्याची सवय सामान्य वाचकाला लागली. पुढे कार्ल डिसिल्व्हा यांच्यासारख्या आपल्याकडच्या चित्रकाराची पक्षीचित्रं साऱ्या उपखंडाच्या मार्गदर्शक पुस्तकांत गेली. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'ने मराठी नावं एकत्र आणली. या सगळ्यांचं ऋण माझ्यावर आहे. मात्र ओळखपुस्तकाचं चित्र जातीचं असतं. त्यातला पक्षी कुठल्याच विशिष्ट दिवशीचा नसतो, पिसं नीट विंचरलेली असतात आणि पार्श्वभूमी कोरी असते. ओळख पटवायला तेच योग्य. इथली चित्रं एकेका दिवसाची आहेत. पाठीवर चिखल सुकलेला आहे, एक डेंगा तुटलेला आहे, पिसं गळून नवी येत आहेत.

काढण्याच्या पद्धतीविषयी थोडं. बहुतेक रेखाटनं किनाऱ्यावरच केलेली आहेत. रंग पुष्कळदा घरी येऊन, टिपणं पाहून भरले आहेत. माशांना अपवाद केला. बांगड्याच्या पाठीवरची हिरवी-निळी झळाळी आणि अंगाच्या लांबीने जाणाऱ्या रेघा पाण्याबाहेर आल्यावर पाहता पाहता विझतात. बर्फात ठेवलेला बांगडा म्हणजे त्याची आठवणच म्हणायची. म्हणून हर्णै बंदरावर होड्या लागून लिलाव सुरू होतो तेव्हा, टोपलीशेजारी उकिडवं बसून, आधी रंग आणि मग रेषा असा उलटा क्रम ठेवला. दुसरा नियम असा की जेवढं दिसलं तेवढंच काढायचं. इथले मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. होडीतून त्याची पाठ, पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा लहान पर एवढंच क्षणभर दिसतं. पुस्तकातही तेवढंच आहे. उडी मारणारा, हसणारा डॉल्फिन ज्यांना हवा असेल त्यांना तो मुरूडच्या दुकानांतल्या पाट्यांवर मिळेल.

चित्रांत जे आलं नाही, तेही सांगायला हवं. वाळूवरून धावणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली बिळं दबतात. किनाऱ्यालगतच्या हॉटेलांचे दिवे रात्रभर जळतात, आणि उजळ क्षितिजाकडे जाणारं कासवाचं पिल्लू उलटं रस्त्याकडे वळतं. कांदळवनात भराव पडतो. तुटलेली, सोडून दिलेली जाळी समुद्रात मासे आणि कासवं पकडतच राहतात. दुसऱ्या बाजूला चांगलंही घडतं आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने 2018 च्या डिसेंबरमध्ये सुरू केली. ती कमाल 25,000 रुपयांपर्यंत मिळते. स्वतःचं जाळं स्वतः कापणं म्हणजे काय, हे समुद्रावर पोट असणाऱ्यालाच कळतं. या किनाऱ्याचं खरं ज्ञान त्याच लोकांपाशी आहे. पाण्याची वेळ, माशाची नावं, पक्षी कुठे बसतो आणि का, हे मला होड्यांवरच्या तांडेलांनी, कालवं काढणाऱ्या बायकांनी आणि कासवांची राखण करणाऱ्या तरुणांनी शिकवलं. त्यांनी सांगितलेली नावं पुस्तकात आहेत तशी घेतली आहेत. गावागणिक ती बदलतात, तिथे दोन्ही दिली आहेत.

पुस्तक कसं वापरावं याबद्दल दोन शब्द. ते घरी चाळायला हरकत नाही, पण ते किनाऱ्यावर नेण्याच्या आकाराचं मुद्दाम केलं आहे. आधी तिथी पाहा, ओहोटीची वेळ काढा आणि पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी पोचा. पाणी उलटलं की परत फिरा. खडकावर अडकू नका. दगड उचललात तर पुन्हा तसाच पालथा ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला वस्ती असते. जिवंत शंख तर उचलूच नका, आणि मोकळे शंखही पिशव्या भरभरून नेऊ नका. मऊ पोटाच्या शंखवासी खेकड्याला वाढत्या अंगाबरोबर नवं घर लागतं, आणि ते घर म्हणजे हेच मोकळे शंख. मुंबईच्या वाचकांना इतक्या दूर यायचीही गरज नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट 2017 पासून शहराच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना हे जीव दाखवतो आहे.

शेवटची विनंती शिक्षकांना आणि मुलांना. एक साधी वही आणि एक पेन्सिल घ्या. आपल्या गावच्या किनाऱ्यावरची एकच जागा ठरवा आणि तिथे दर पौर्णिमेला व अमावास्येला जा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. तिथी आणि वेळ मात्र न चुकता लिहा. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब आहे. या पुस्तकात त्यातल्या दोन खाड्यांमधलाच तुकडा आला आहे. बाकीचा ज्यांचा आहे त्यांनी काढायचा आहे.